शेऱ्याचा रकाना

पीस लिलीनं मान टाकली
तेव्हा घरातल्या तिघांनीही तिला पाणी घातलं.
मी सकाळी, डबा भरता भरता.
कुंदाताईंनी जाताना,
बाटलीत उरलेलं कशाला फुकट घालवा म्हणून.
आणि आप्पांनी नऊला, साडेनऊला, दहा वाजून गेल्यावर,
दर वेळी पहिल्यांदाच.

"तानलंय गो झार," म्हणायचे,
तांब्या हातात, लेंग्याचा काठ ओला.
पान जितकं लोंबायचं तितकं आम्ही ओतायचो.
तहानलेल्याची आणि बुडणाऱ्याची मान
एकसारखीच पडते, हे कुणाला माहीत होतं?

रविवारी मी गॅलरीत जुना पेपर अंथरला.
ऑफिसच्या निरोप-समारंभातली चिनी मातीची कुंडी,
देखणी, तळाला भोक नसलेली.
उलटी केली तर आधी चार बोटं काळं पाणी आलं,
मग मातीचा गोळा,
आणि मग तो वास.

आप्पा आतून उठून आले.
सकाळची गोळी घेतली का ते ज्यांना आठवत नाही
त्यांनी नाक वर केलं आणि लगेच म्हणाले,
"खारी. वव्हटीची."

खरंच, घणसोलीच्या खाडीचाच वास होता तो,
चौथ्या मजल्यावर, ग्रीलच्या आत,
वाळत घातलेल्या टॉवेलांच्या खाली.

मुळं चिमटीत धरली की साल निघून हातात यायची,
आत नुसता दोरा,
शिजून गळलेल्या शेवयांसारखा.
मी कात्री डेटॉलनं पुसली. कापत गेले.
काळं, तपकिरी, काळं.
आप्पा पाटावर बसून बघत होते.
मग त्यांनी पाची बोटं जुळवून
टोकं आभाळाकडे केली.
"तिवर बघलंस ना? चिखलातशी बोटं वर कारतं.
दम घ्याला.
याला कुठशी कारू देल तू?"

माझी कात्री थांबली.
आजोबांच्या खाचरात भात घोटाभर पाण्यात उभं असायचं,
म्हणून ते ओतत असतील असं मी धरून चालले होते.
तिवराचं विसरले नव्हते ते.
फक्त ओतल्याचं विसरत होते.

शेवटी सहा मुळं उरली.
पांढरी, टणक, वाल फोडल्यावर दिसतात तशी.
कापल्या जागी दालचिनीची पूड लावली.
निम्मी पानंही काढली,
सहा मुळांवर चौदा पानांचा संसार कसा चालायचा?
कुल्फीवाल्याकडून आलेल्या मातीच्या मटक्याला
आप्पांनी खिळ्यानं भोक पाडलं, एकही तडा न जाऊ देता.
विटेचे तुकडे, कोळसा, कोकोपीट, थोडी माती.
लिली त्यात उभी राहिली,
टक्कल केलेल्या पोरासारखी ओशाळी.

आता पाणी न घालणं कसं शिकवायचं?
तांब्या लपवून बघितला, त्यांनी पेला घेतला.

तुर्भ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी
दर तासाला रीडिंग घेतलं होतं.
मी वहीत रेघा मारल्या:
तारीख. वेळ. काडी. पाणी. शेरा. सही.
आइस्क्रीमची काडी मातीत खुपसायची,
बाहेर काढून बघायची, लिहायचं.
वही फ्रीजवर, पेन दोऱ्याला बांधलेलं.

तांब्या भरायच्या आधी ते आता वही उघडतात.
वर त्यांचंच अक्षर असतं, आकडे कोरल्यासारखे.
स्वतःची सही बघून ते मान हलवतात,
आधीच्या पाळीचा माणूस भरवशाचा होता.

नऊ दिवस: ओली. नाही.
दहाव्या दिवशी: कोरडी. अर्धा पेला. सही.
एकदा रात्री अडीचला: ओली. नाही.
शेरा: सगळे झोपलेत.

तीन आठवडे झाले. लिली तेवढीच आहे.
ना वाढ, ना पडझड. एक पान कडेनं पिवळं पडतंय.
मला मटकं उकरून बघावंसं वाटतं,
आप्पा हात लावू देत नाहीत.
आज कामावरून आले तर ते झोपलेले होते,
काडी टेबलावर, टोकाला किंचित माती,
आणि वहीत, शेऱ्याच्या रकान्यात:
दम घेतंय.
खाली रेघ, आणि
चार्ज दिला, पोरीला.